घरी बिअर बनवताय? मग या चुका टाळा

आधीच सांगतो, हे अमेरिका-इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय बिअर बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे पुण्यातल्या बाल्कनीत ड्रम मांडू नका. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती मुभा दिली, फक्त विकायची नाही आणि आपल्या राज्याचे नियम एकदा बघून घ्यायचे.

नवख्यांची बिअर बिघडते ती रेसिपीमुळे कमी, घाईमुळे जास्त. यीस्ट टाकून बारा तास झाले, एअरलॉकमधे (झाकणावरची नळी, जी गॅस बाहेर सोडते पण हवा आत घेत नाही) बुडबुडे दिसेनात की लगेच यीस्ट मेलं म्हणून दुसरं पाकीट टाकायचं, अहो दीड दिवस तरी थांबा, कधीकधी झाकण नीट बसलेलं नसतं आणि गॅस तिकडूनच निघून जातो. इडलीच्या पिठासारखं दर तासाला झाकण काढून बघू नका.

बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असंही नाही! हायड्रोमीटर घ्याच, म्हणजे द्रवाची घनता मोजायची काचेची नळी; साखर आंबत जाते तशी घनता उतरते. सुरुवातीला १.०५० असेल तर शेवटी साधारण १.०१० च्या आसपास यायला हवं, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन रीडिंग सारखी आली तरच बाटल्या भरायच्या. गरम वॉर्टमधे (म्हणजे अजून न आंबलेल्या माल्टच्या गोड पाण्यात) बुडवलंत तर रीडिंग कमी दाखवतं, गार करून घ्या. १.०२० वरच अडकलं तर ड्रम जरा उबदार जागी न्या, हलकेच फिरवा, वाट बघा. अर्धवट असताना भरलेल्या बाटल्या फुटतात, काच उडते, हा विषय चेष्टेचा नाही. बाटलीत गॅस तयार व्हायला १९ लिटरला ११०-१२० ग्रॅम डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर) पुरे, थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमधे एकत्र मिसळा, प्रत्येक बाटलीत चमच्याने अंदाजपंचे नको. गॅस जास्त झालाय वाटलं तर हातमोजे-चष्मा घालून बाटल्या फ्रिजमधे ढकला.

दुसरं, तापमान. साध्या एल (उबदार तापमानाला आंबणारी बिअर) यीस्टला १८-२० डिग्री सेल्सिअस बरं, पण आंबताना उष्णता निघते म्हणून ड्रमच्या आत खोलीपेक्षा दोन-चार डिग्री जास्तच असतं, आणि मग नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, जो नंतर काही केल्या जात नाही. ड्रम पाण्याच्या टबात ठेवा, बर्फाच्या बाटल्या सोडा, झालं.

स्वच्छतेबद्दल सगळेच बोलतात, मी एवढंच म्हणेन की धुणं वेगळं आणि सॅनिटाइझ करणं वेगळं, आणि ओरखडे पडलेला प्लास्टिकचा ड्रम सरळ टाकून द्या. बँडेजसारखी औषधी चव आली तर बहुतेक वेळा नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नडलेलं असतं, पुढच्या वेळी आधी पाण्यात कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) अर्धी गोळी विरघळवा. आणि ड्रमच्या आत वर तपकिरी चिकट कड दिसली म्हणून बिअर ओतून देऊ नका, तो फेस वाळलेला असतो. पांढरी, सुरकुतलेली साय आली असेल तर मात्र इन्फेक्शन समजा.