वकील गाठण्याआधी कायदा फुकटात असा शोधा

मी विधी सेवा केंद्रात लोकांचे अर्ज लिहून देते. येणारे बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा कुठला तरी ‘नवा कायदा’ दाखवतात. ते आधी बाजूला ठेवा आणि मूळ कलम वाचा. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे फुकट मिळतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, तेव्हा जुने कलम क्रमांक ताडून बघा.

मग निकाल. ‘इंडियन कानून’ या निकाल शोधायच्या फुकट संकेतस्थळावर नुसता ‘मेंटेनन्स’ (पोटगी) शब्द टाकलात तर निकालांचा ढीग कोसळेल. नेमका शब्दसमूह इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाका. न्यायालय आणि वर्ष निवडा. निकाल उघडल्यावर ‘साइटेड बाय’ जरूर बघा. पुढच्या कुठल्या निकालांनी त्याचा हवाला दिला, ते तिथे दिसतं. ते उघडून वाचा, कारण वरच्या न्यायालयाने तो फिरवलेलाही असू शकतो. हे न बघताच छापील प्रत फडकवणारे वकीलही असतात, असो!

स्वतःच्या खटल्याची तारीख ‘ई-कोर्ट्स’ या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या १६ अक्षर-अंकी स्वतंत्र क्रमांकाने कळते.

आणि फुकट वकील? “नवरा कमावतो, मग मला कसा मिळणार?” असं बायका हमखास विचारतात. मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ बघा: महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर तालुका विधी सेवा समितीत जा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले लोक लिहून घेतात.