मे महिन्यात स्पितीला निघालेल्या कॅम्परचे पाइप फुटू नयेत म्हणून

पुण्यात पाइप गोठत नाहीत. शहराच्या नोंदीतलं नीचांकी तापमान १.७ अंश, तेही १९३५ च्या जानेवारीतलं. त्यामुळे इथे कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) बांधून देणारा कारागीर गळतीचा, प्रेशरचा, टाकीच्या जागेचा विचार करतो, गोठण्याचा करत नाही. आणि पुणेकर निघतात ते शाळांना सुट्टी लागली की, म्हणजे एप्रिलअखेर किंवा मेमध्ये. अटल बोगद्यामुळे त्या दिवसांतही मनालीहून लाहौलमध्ये सहज उतरता येतं. स्पितीतलं काझा ३,६५० मीटरवर, मनाली-लेह रस्त्यावरचं सरचू ४,२९० वर. दुपारी अंगावर टी-शर्ट पुरतो आणि पहाटे पारा शून्याखाली गेलेला असतो. घात ती उबदार दुपारच करते, कारण संध्याकाळी पाणी काढून ठेवायचं कुणाच्या मनातच येत नाही.

आधी थोडा हिशोब. ७० लिटरची टाकी आहे आणि पाणी १० अंशांवर आहे असं धरा. ते शून्यावर यायला ०.८ युनिट उष्णता बाहेर जावी लागते (लाइटबिलावरचं तेच युनिट) आणि पूर्ण बर्फ व्हायला आणखी साडेसहा. गाडीच्या आत बसवलेल्या टाकीतून एका रात्रीत एवढी उष्णता सहसा जात नाही. अर्ध्या इंची पाइपात मात्र मीटरमागे जेमतेम १३० मिलिलिटर पाणी असतं. बाहेरच्या पत्र्याला टेकून गेलेला असा पाइप दोन-तीन तासांतही गोठू शकतो. म्हणून सगळा भर एकाच गोष्टीवर द्यायचा: रात्री पाणी टाकीत असावं, पाइपात नसावं. आवरण, हीटर वगैरे सगळं त्याच्यानंतर.

पाइप फुटतो कसा, हेही समजून घ्या. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचा बूच तयार होतो आणि तो वाढत जाताना पुढचं पाणी बंद नळाकडे दाबतो. दाब जिथे सहन होत नाही तिथे पाइप किंवा जोड फाटतो, आणि ती जागा बऱ्याचदा बर्फापासून लांब असते. नळ उघडा असेल तर हा दाब साचतच नाही. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा पाइप) थंडीत ठिसूळ होतो. पेक्स (लवचिक प्लास्टिकचा) पाइप थोडा ताणला जाऊन वाचतो, पण त्याचे प्लास्टिकचे जोड वाचतीलच असं नाही.

निघण्याआधी पुण्यात करायचं काम

बोहरी आळीत एका फेरीत बहुतेक सामान मिळतं: अर्ध्या इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह चार, टी (तीन तोंडांचे जोड) तीन, टेफ्लॉन टेप, स्टीलच्या होज क्लिपा. एक व्हॉल्व्ह टाकीच्या तोंडाशी, टाकी आणि पंप यांच्यामध्ये. दोन व्हॉल्व्ह गार आणि गरम लाइनच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर, तोंड गाडीच्या तळातून बाहेर; हे झाले ड्रेन. हा खालचा बिंदू डोळ्यांनी ठरवू नका. गाडी सपाट जागी लावून लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासा. पाइपाला मध्येच झोळ पडलेला असेल तर तिथलं पाणी कधीच निघत नाही, म्हणून दर दोन फुटांवर क्लॅम्प मारून ड्रेनकडे उतार द्या.

चौथा व्हॉल्व्ह हवेसाठी, पंपाच्या पुढे. एक इंची सीपीव्हीसी एंड कॅपला ११.५ मिमीचं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि ट्यूबलेस टायरचा साधा रबरी व्हॉल्व्ह साबणाचं पाणी लावून आतून बाहेर ओढून बसवा. ही कॅप रिड्यूसरने अर्ध्या इंची व्हॉल्व्हला जोडली की टायरमध्ये हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप थेट पाइपलाइनला लागतो.

मग घरासमोरच रंगीत तालीम करा. सगळी लाइन भरा, पुढे सांगितलेल्या क्रमाने रिकामी करा आणि निघालेलं पाणी मोजा. आठ मीटर पाइप असेल तर साधारण एक लिटर निघायला हवं. अर्धाच लिटर आलं, तर झोळ कुठे आहे ते शोधा. काझात शोधण्यापेक्षा इथे सोपं आहे.

रोज संध्याकाळी

रात्रीपुरतं पाच लिटर पाणी कॅनमध्ये आणि थर्मासमध्ये काढून ठेवा. गीझर तासभर आधी बंद करा. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पंपाच्या आधीच्या गाळणीची पारदर्शक वाटी फिरवून काढा आणि ओता; ती पातळ असते, लगेच तडकते, आणि ती काढल्याशिवाय पंपाला हवा मिळत नाही. आता सगळे नळ उघडा आणि नळातून फसफस हवा येईपर्यंत पंप चालवा. त्यानंतर आणखी वीस-तीस सेकंद चालवून बंद करा. डायफ्राम पंप एवढं कोरडं चालणं सोसतो. आता खालचे दोन्ही ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. वरचे नळ उघडे असल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही, हवा आत यायला वाट लागते. सिंगल लिव्हर मिक्सर असेल तर दांडा मधोमध ठेवा, नाहीतर एकच बाजू रिकामी होते.  

जेट स्प्रे सगळ्यांत जास्त विसरला जातो. त्याची नळी हुकवर लोंबकळत असते, तिच्या वळणात पाणी अडकतं आणि प्लास्टिकच्या डोक्यात घोटभर उरतं. डोकं जमिनीजवळ आणा, खटका दाबून धरा, नळी सरळ करून झटका आणि काढून आत ठेवा. फिल्टर किंवा आरओ बसवला असेल तर त्याचं हाउसिंग उघडून रिकामं करा. ओलं कार्ट्रिज आणि मेम्ब्रेन (आरओची बारीक गाळण) अंथरुणाजवळच्या डब्यात ठेवा. एकदा गोठलेल्या मेम्ब्रेनवर पिण्याच्या पाण्यासाठी भरवसा ठेवू नये.

इन्स्टंट गॅस गीझरच्या तळाशी ड्रेनचा स्क्रू असतो. तो काढल्याशिवाय तांब्याच्या कॉइलमधलं पाणी निघत नाही, आणि ही कॉइल फुटली की बहुधा गीझरच बदलावा लागतो. आणि कितीही थंडी असली तरी बंद गाडीत उबेसाठी गॅसचा गीझर किंवा शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि त्याने माणसं झोपेतच जातात.

मुक्काम ४,००० मीटरच्या वर असेल, किंवा गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल, तर हवाही मारा. ड्रेन बंद करा, हवेचा व्हॉल्व्ह उघडा, दाब ३० पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका आणि एका वेळी एकच नळ उघडा. सगळ्या नळांना दोन फेऱ्या. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, त्याच्या दाबाने जोड सुटतात.

शेवटी सगळे नळ आणि ड्रेन उघडेच ठेवा आणि पंपाच्या बटणावर चिकटपट्टी लावा. सकाळी झोपेत कुणी टाकी उघडून पंप चालू केला, तर पाणी सगळं जमिनीवर जातं.

सिंकच्या ट्रॅपमधलं (खालच्या वळणदार पाइपातलं) पाणी ड्रेनने निघत नाही. फूड ग्रेड प्रोपिलीन ग्लायकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून प्रत्येक ट्रॅपमध्ये २५० मिली ओता. रेडिएटरचा कूलंट वापरू नका, त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विषारी आहे. सांडपाण्याची टाकी निम्म्याहून कमी भरलेली ठेवा, पण ती नदीकाठी किंवा कुरणात मोकळी करू नका.

एसीच्या पाइपावर चढवतात ते काळं नायट्रिल, १९ मिमी जाडीचं, जरूर लावा. ते ऊब तयार करत नाही, गोठायला वेळ लावतं इतकंच. त्यापेक्षा रात्री सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवण्याचा फायदा जास्त, गाडीतली ऊब पाइपापर्यंत पोचते. टाकीच्या तोंडाशी २० वॉटची हीटिंग केबल आणि ३ अंशांना चालू होणारा थर्मोस्टॅट लावला तर दहा तासांत ०.२ युनिट लागतं. १०० अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत साधारण १.२८ युनिट असतं, त्यामुळे एवढं परवडतं. अख्खी टाकी तापवणं परवडत नाही. टाकी गाडीखाली टांगलेली असेल तर ही केबल हवीच. टाकी काठोकाठ भरू नका, वर दहावा हिस्सा मोकळा ठेवा.

सकाळी

गाडी उभी करताना पाइपांची बाजू पूर्वेकडे ठेवली असेल तर निम्मं काम ऊन करतं. काही गोठलंच असेल तर नळ उघडा ठेवून कोमट पाण्यात पिळलेला पंचा गुंडाळा, नळाकडून मागे मागे सरकत. उकळतं पाणी ओतू नका, लायटर लावू नका. पंप गोठलेला असताना बटण दाबलं तर फ्यूज उडतो किंवा डायफ्राम फाटतो.

तडा गेलेला पाइप बर्फ वितळेपर्यंत गळत नाही. म्हणून लाइन भरल्यावर सगळे नळ बंद करा, पंप दाब धरून थांबू द्या आणि पंधरा मिनिटं कान देऊन बसा. नळ न उघडता पंप मध्येच घुरघुरला तर कुठेतरी गळती आहे. कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाखाली फिरवा. दुरुस्तीसाठी दोन फूट पाइप, चार कपलर, दोन एल्बो, दोन एंड कॅप, सॉल्व्हंट सिमेंटची छोटी डबी, करवतीचं पातं आणि एक जास्तीचा जेट स्प्रे जवळ ठेवा. सॉल्व्हंट सिमेंट थंडीत हळू धरतं. जोड दुपारच्या उन्हात करा आणि त्या दिवशी त्या लाइनवर दाब देऊ नका.