नव्या लायसन्सधारकाच्या मोटारीचा विमा कमी खर्चात कसा घ्यावा

घरातल्या मुलाला किंवा मुलीला चारचाकीचे पक्के लायसन्स मिळाले की लगेच दोन प्रश्न निघतात: गाडी कोणती घ्यायची आणि तिच्या विम्याला किती पैसे पडणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटवर शोधणाऱ्याला बहुधा ब्रिटन-अमेरिकेतील सल्ले आधी सापडतात आणि तरुण चालकाचा विमा म्हणजे भरमसाट खर्च, अशी त्याची समजूत होते. तिकडे ती खरीही आहे, कारण तिथे हप्ता ठरवताना चालकाचे वय आणि अनुभव यांना फार वजन असते. भारतात मात्र विमा मुख्यतः गाडीचा उतरवला जातो. वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने गाडी चालवत असेल, तर खासगी मोटारीची पॉलिसी सहसा लागू राहते. इतकेच नव्हे, तर ‘एल’ची पाटी लावून आणि लायसन्सधारक शिकवणाऱ्याला शेजारी बसवून चालवणारा शिकाऊ चालकही तिच्यात बसतो. त्यामुळे वडिलांच्या गाडीवर मुलाचे नाव जोडण्यासाठी वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. आपल्याकडे पैसे वाचतात किंवा वाया जातात ते वयामुळे नव्हे, तर गाडीची निवड, पॉलिसीवरचे नाव, क्लेम न केल्याबद्दल मिळणारा बोनस आणि शोरूममध्ये घाईने केलेली सही यांमुळे.

प्रथम हप्त्याचे दोन भाग वेगळे करून पाहावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणारी इजा किंवा नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. या विम्याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा हप्ता ठरला, आणि त्यावर जीएसटी वेगळा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना या दरात पंधरा टक्के सवलत मिळाली. विमा काढण्याच्या वेळी चालू अधिसूचनेतील आकडा पाहून घ्यावा. तो प्रत्येक कंपनीत सारखाच असतो, म्हणून थर्ड पार्टीत ‘खास सूट’ देऊ करणाऱ्याकडे संशयानेच पाहावे. या आकड्यांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. पहिली गाडी १००० सीसीच्या आतली घेतली आणि १५०० सीसीच्या पुढची टाळली, तर विम्याची पहिली बचत गाडी निवडतानाच होते.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात त्याचा. याचे दर २००७ पासून खुले आहेत आणि कंपन्यांमधील खरी स्पर्धा इथेच चालते. काही कंपन्या या भागात मालकाचे वय किंवा व्यवसायही विचारतात, तथापि गाडीचे मॉडेल, तिची ठरवलेली किंमत, तिचे वय आणि नोंदणीचे ठिकाण यांचा प्रभाव अधिक असतो. जुन्या दरपत्रकापासून चालत आलेल्या विभागणीत मुंबई आणि पुणे ही शहरे दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि अहमदाबाद यांच्यासह वरच्या दराच्या ‘ए’ विभागात, तर उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा ‘बी’ विभागात येतात. गाडी खरोखरच साताऱ्यात किंवा रत्नागिरीत राहणार असेल, तर तिची नोंदणी तिथेच करणे योग्य आहे; परंतु पुण्यात कायम वापरायची गाडी चार पैशांसाठी गावच्या पत्त्यावर नोंदवून पुढे क्लेमच्या वेळी प्रश्न ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

आता नावाचा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत जास्त पैसा इथेच अडकलेला असतो. नो क्लेम बोनस हा गाडीचा नसून पॉलिसीधारकाचा असतो. एकही क्लेम न करता एक वर्ष गेले की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, त्यानंतर अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. वडिलांकडे ५० टक्के बोनस साठलेला असेल आणि ते जुनी गाडी विकून नवी घेत असतील, तर जुन्या कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र घेऊन ती सूट नव्या गाडीच्या पहिल्याच हप्त्यात वापरता येते. मात्र हा बोनस हयात वडिलांकडून मुलाच्या नावावर जात नाही; मुलाच्या नावाने गाडी घेतली, तर त्याचा बोनस शून्यापासून सुरू होतो, आणि त्याच्या दुचाकीवर साठलेला बोनसही मोटारीला चालत नाही. म्हणून घरात एकच गाडी असणार असेल आणि ती सगळेच चालवणार असतील, तर ती बोनस असलेल्या व्यक्तीच्या नावाने घेणे सरळ फायद्याचे आहे. आपल्याकडे यात काहीही गैर नाही. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांनी मात्र हा हिशेब तिकडे नेऊ नये, कारण मुख्य चालक मुलगा असताना पॉलिसीत वडिलांना मुख्य चालक दाखवणे ही तिथे फसवणूक समजली जाते.

वडिलांच्या नावाने गाडी घेण्यात एक त्रुटी राहते आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पॉलिसीसोबत घ्यावा लागणारा पंधरा लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त गाडीच्या मालकाला आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच संरक्षण देतो. गाडी मुलगा चालवत असताना त्याला काही झाले, तर त्या विम्यातून त्याच्यासाठी काहीच मिळत नाही. यावर उपाय म्हणजे मुलाच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घेणे. मोटारीच्या तुलनेत तिचा खर्च फारच कमी असतो आणि ती कोणत्याही वाहनावर, पायी चालतानासुद्धा उपयोगी पडते. उलट मालकाकडे पंधरा लाखांचे असे संरक्षण आधीच असेल, तर मोटारीच्या पॉलिसीत ते पुन्हा विकत घेण्याची सक्ती नाही. दोन गाड्यांच्या दोन पॉलिसींत एकाच मालकाने हा हप्ता दोनदा भरल्याची उदाहरणे सर्रास दिसतात.

नवी कोरी गाडी घेताना शोरूममधील माणूस ‘कॅशलेस हवे असेल तर विमा आमच्याकडूनच’ असे ठासून सांगतो. हे खरे नाही. कॅशलेस दुरुस्ती, म्हणजे गॅरेजचे बिल विमा कंपनीने परस्पर भरणे, ही विमा कंपनी आणि गॅरेज यांच्यातील करारावर अवलंबून असते, पॉलिसी कोणी विकली यावर नाही, आणि ठरावीक कंपनीचाच विमा घेण्याची सक्ती डीलरला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र एका वर्षाचा घेता येतो आणि दुसऱ्या वर्षी त्यापुरती कंपनी बदलता येते. शोरूमचे कोटेशन लेखी मागावे, त्याच अटींवर दोन-तीन कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून आणि एखाद्या ओळखीच्या एजंटाकडून आकडे घ्यावेत आणि ते शोरूमसमोर ठेवावेत. बहुतेक वेळा तिथल्या तिथे हप्ता उतरतो, यावरूनच मूळ आकड्यात किती हवा होती ते समजते.

तुलना करताना दोन कोटेशनमधली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, सारखी आहे ना, हे सर्वांत आधी तपासावे. गाडी चोरीस गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर याच रकमेच्या आधारे भरपाई मिळते. नेहमीच्या हिशेबात सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीची किंमत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, दोन वर्षांपर्यंत वीस, तीनपर्यंत तीस, चारपर्यंत चाळीस आणि पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के घटवली जाते. एखादी पॉलिसी हजारभर रुपयांनी स्वस्त दिसते तेव्हा पुष्कळदा आयडीव्हीच पन्नास-साठ हजारांनी खाली ओढलेला असतो. ही बचत नव्हे.

जोड-संरक्षणांची, म्हणजे मूळ पॉलिसीवर जादा पैसे भरून घ्यायच्या संरक्षणांची, यादी लांबलचक असते आणि विक्रेत्याचा जोर ती सगळी एकत्र घ्यावीत यावर असतो. नव्या हातासाठी त्यांतले ‘झिरो डेप’ मला खरोखर आवश्यक वाटते. नवशिक्याच्या हातून मोडतो तो बंपर, आरसा, दिव्याची काच धरणारा सांगाडा. म्हणजे बहुतांशी प्लास्टिक, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबराच्या भागांच्या किमतीतून सरसकट ५० टक्के घसारा कापला जातो. झिरो डेप घेतल्यास ही कपात होत नाही. मात्र ते बहुधा पाच वर्षांपर्यंतच्या गाड्यांनाच मिळते आणि वर्षाला किती क्लेम चालतील याची मर्यादा अटींत दिलेली असते, ती वाचावी. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या भागात गाडी उभी राहत असेल, तर इंजिन संरक्षणही घ्यावे, कारण पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारल्याने बिघडलेले इंजिन साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही. चावी हरवणे, प्रवासी सामान, टायर वगैरे गोष्टी पहिल्या वर्षी बिनदिक्कत सोडून द्याव्यात. रस्त्यावरील मदतीची सेवा नव्या गाडीसोबत उत्पादकाकडून आधीच मिळालेली असू शकते.

गाडी रोज कॉलेजला न जाता शनिवार-रविवारीच बाहेर पडणार असेल, तर धावलेल्या किलोमीटरवर आधारलेले संरक्षण आहे का, हे विचारावे. विमा नियामकाने जुलै २०२२ मध्ये अशा योजनांना ओन डॅमेजच्या भागासाठी मोकळीक दिली आणि काही कंपन्या त्या विकतात. शिवाय पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले चोरीरोधक उपकरण बसवल्यास छोटीशी सूट मिळण्याची तरतूद आहे. पण फक्त त्या सवलतीसाठी उपकरण बसवणे परवडत नाही.

स्वेच्छा वजावट हा पर्याय जरा विचारपूर्वक घ्यावा. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममधले पहिले एक हजार रुपये तसेही आपल्यालाच सोसावे लागतात. त्याच्या वर आणखी अडीच किंवा पाच हजार आपण सोसू असे लिहून दिले, की ओन डॅमेजचा हप्ता कमी होतो. कोटेशन या वजावटीसह आणि तिच्याशिवाय असे दोन्ही प्रकारे मागावे. पाच हजारांची जोखीम घेऊन जेमतेम चारशे रुपये वाचत असतील, तर तो सौदा नको. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून सहा हजारांवर आणून हप्त्यात किरकोळ सूट मिळवण्याचा पर्यायही काही फॉर्ममध्ये असतो. नव्या चालकाने त्याच्या वाटेला जाऊ नये. सोसायटीचे फाटक किंवा समोरच्याची महागडी गाडी सहा हजारांत दुरुस्त होत नाही.

पहिली गाडी सेकंडहँड असेल, तर विक्रेत्याची चालू पॉलिसी गाडीसोबत येते, पण अर्धवट. थर्ड पार्टीचे संरक्षण खरेदीदाराकडे आपोआप येते. ओन डॅमेजचे येत नाही, त्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करावा लागतो. विक्रेत्याचा बोनस त्याच्याकडेच राहतो आणि तेवढा फरक खरेदीदाराकडून वसूल केला जातो, म्हणून ‘इन्शुरन्स आठ महिने आहे’ या शब्दाला सौद्यात फार किंमत देऊ नये. सीएनजी किट बाहेरून बसवले असेल, तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे नोंदवलेले असलेच पाहिजे. गाडी बारा-चौदा वर्षांची आणि लाखाच्या आतबाहेरची असेल, तर केवळ थर्ड पार्टी आणि अपघात विमा घेऊन बाकीची रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे हाही एक विचारी मार्ग आहे.

पॉलिसी घेतल्यानंतरची खरी बचत क्लेम न करण्यात आहे, आणि तिचा हिशेब लोक कमी लेखतात. समजा, बोनसपूर्वी ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि पुढच्या नूतनीकरणाला २५ टक्के बोनस मिळणार आहे. ओरखडलेल्या दारासाठी क्लेम केला की तो शून्य होतो. क्लेम न केल्यास पुढची वर्षे २५, ३५, ४५, ५०, ५० अशी जातील; क्लेम केल्यास ०, २०, २५, ३५, ४५ अशी. दोहोंतला फरक एकूण ८० टक्क्यांचा, म्हणजे ६,४०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी. गाडीची किंमत दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल, तरीही चार-पाच हजारांची डागडुजी खिशातून करणे बहुधा स्वस्त पडते. बोनस संरक्षणाचे वेगळे कव्हर घेतले असेल, तर हा हिशेब बदलतो. मात्र दुसऱ्या व्यक्तीला इजा झाली असेल, तर कितीही किरकोळ वाटो, कंपनीला आणि पोलिसांना ताबडतोब कळवावे. तिथे आपसांत मिटवण्याचा मोह धरू नये.

नूतनीकरणाची तारीख चुकवू नये. मुदत संपल्यावर कंपनी गाडीची तपासणी मागते आणि नव्वद दिवस उलटले की साठलेला सगळा बोनस जातो.

पॉलिसी हाती आली की नाव, इंजिन आणि चासी क्रमांक, आयडीव्ही, बोनसची टक्केवारी आणि मागितलेली जोड-संरक्षणे आरसीशी आणि कोटेशनशी ताडून पाहावीत. मागच्या वर्षी क्लेम झालेला असताना एजंटाने हप्ता कमी दाखवण्यासाठी बोनस लावलेला असेल, तर तो लगेच दुरुस्त करून फरक भरावा, कारण नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करते आणि खोटा बोनस आढळल्यास ओन डॅमेजचा क्लेम अडतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून विम्याची नोंद दिसते का, तेही पाहावे; काही दिवसांत ती दिसली नाही, तर थेट कंपनीच्या ग्राहक सेवेकडे पॉलिसी क्रमांक तपासून घ्यावा. मध्यस्थाने पैसे स्वतःच्या खात्यावर मागितले असतील, तर ते देऊच नयेत आणि रक्कम कंपनीच्या नावानेच भरावी.