एकट्याने वेबसाइट सांभाळताय? या चुका टाळा

एकट्याने काम करणाऱ्या डेव्हलपरला बग फारसा नडत नाही. बग दिसतो, कन्सोलमध्ये लाल अक्षरं येतात, थोडं डोकं खाजवलं की सुटतो. नडतं ते गुपचूप बंद पडलेलं काम. टीम असली की कुणीतरी बोंब मारतं. इथे बोंब मारायला कुणी नाही, त्यामुळे तीही सोय आपणच करून ठेवायची.

फॉर्म भरला जातो, मेल येत नाही

कॉन्टॅक्ट फॉर्मचा कोड लिहिताना बरेच जण 'फ्रॉम'च्या जागी फॉर्म भरणाऱ्याचाच मेल पत्ता टाकतात. हेतू चांगला असतो: क्लायंटने रिप्लाय दाबला की उत्तर थेट त्या माणसाला जावं. पण मेल निघतो तुमच्या सर्व्हरवरून. समोरचा मेल सर्व्हर तपासतो, या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे का? एसपीएफ रेकॉर्डमध्ये, म्हणजे त्या डोमेनने परवानगी दिलेल्या सर्व्हरांच्या यादीत, तुमच्या सर्व्हरचा पत्ता नसतो, मेलवरची डीकेआयएम ही डिजिटल सही त्या डोमेनची नसते. अशा मेलचं काय करायचं हे सांगणारं डीमार्कचं धोरण डोमेनमालकाने कडक ठेवलं असेल तर मेल स्पॅममध्येसुद्धा पडत नाही, दारातूनच परत जातो. स्क्रीनवर मात्र 'धन्यवाद, लवकरच संपर्क करू' झळकत राहतं!

'फ्रॉम'मध्ये तुमच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा आणि भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये टाका. डीएनएसमध्ये, म्हणजे तुमच्या डोमेनच्या सेटिंगमध्ये, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही रेकॉर्ड लावा. मग जीमेलवर एक चाचणी मेल पाठवून 'शो ओरिजिनल' उघडा, तिघांपुढे 'पास' लिहिलेलं दिसलं पाहिजे. आणि काही झालं तरी फॉर्मची नोंद आधी डेटाबेसमध्ये जाऊ द्या, मेल नंतर. मेल हरवला तरी माणूस हरवत नाही.

बॅकअप आहे, पण उघडून कुणी पाहिलाय?

गिटलॅबसारख्या, लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचंही यात हसं झालं होतं. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर, म्हणजे चालू डेटाबेसवरच, डेटा डिरेक्टरी पुसली. बॅकअप शोधायला गेले तर ती जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 9.2 आवृत्तीचा, डेटाबेस 9.6 चा, त्यामुळे तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाचे मेल निघत होते, पण डीमार्कमुळे नाकारले जात होते. इंजिनिअरने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, होती म्हणून निभावलं. तरी मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलं आहे, ही त्यांची दिलदारी.

म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप लोकल मशीनवर रिस्टोअर करून बघा आणि शेवटच्या ऑर्डरची तारीख तपासा. फाइलचा आकार बघून समाधान मानू नका. शिवाय 'अपयश आलं तर मेल कर' या व्यवस्थेवर विसंबू नका, ती उलटी करा: काम यशस्वी झालं की स्क्रिप्टने हेल्थचेक्ससारख्या सेवेला पिंग करायचं, म्हणजे 'झालं' असा इशारा द्यायचा, आणि ठरल्या वेळी पिंग आला नाही की त्या सेवेने तुम्हाला कळवायचं. सर्व्हरच मेला तरी निरोप पोचतो.

साइट चालू आहे का हे बघायला अपटाइम कुमा हे टूल उत्तम. फक्त ते साइटच्याच सर्व्हरवर बसवू नका. हसू नका, लोक बसवतात.

एसएसएल सर्टिफिकेट 'आपोआप' रिन्यू होतं

होतं, जोवर कुणी फायरवॉलमध्ये 80 नंबरचा पोर्ट बंद करत नाही किंवा डीएनएस हलवत नाही तोवर. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची सर्टिफिकेटं 90 दिवसांची, म्हणजे आज केलेला बदल एक ते तीन महिन्यांनी चावतो, तेव्हा काय बदललं होतं ते आठवतही नाही. मुदत संपत आल्याचे मेल पाठवणंही त्यांनी जून 2025 पासून बंद केलं आहे. सर्व्हरच्या सेटिंगला हात लावलात की लगेच सर्टबॉट या रिन्यू करणाऱ्या प्रोग्रामचं 'ड्राय रन', म्हणजे रंगीत तालीम, चालवा.

माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर नाही

आधी फाइलची नावं बघा. विंडोज आणि मॅकला सहसा कॅपिटल-स्मॉल अक्षरांचं सोयरसुतक नसतं, लिनक्सला असतं. फोटो गायब असेल तर अनेकदा हेच निघतं. नुसतं नाव बदलून गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, ते कळेलच असं नाही, 'गिट एमव्ही' ही कमांड वापरा. मग एनव्हायरन्मेंट व्हेरिएबल (कोडबाहेर ठेवलेली सेटिंग) आणि सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडची आवृत्ती बघा. सर्व्हरवर पॅकेजेस घेताना 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवलं तर लॉक फाइलमध्ये नोंदवलेल्याच आवृत्त्या येतात.

पासवर्ड आणि गुप्त की ठेवलेली डॉट ईएनव्ही फाइल चुकून गिटच्या पब्लिक रिपॉझिटरीत गेली? पुढच्या कमिटमध्ये उडवून उपयोग नाही, ती इतिहासात तशीच राहते. आधी त्यातली गुप्त की रद्द करून नवी घ्या, इतिहास सावकाश साफ करा.

उत्साह गेला की नवा फ्रेमवर्क

काम रखडलं की प्रेरणा देणारे व्हिडिओ बघायचे, नाहीतर अर्धी झालेली साइट नव्या फ्रेमवर्कमध्ये पुन्हा लिहायला घ्यायची. दोन्ही पळवाटाच. बहुतेक वेळा कंटाळा कामाचा नसतो, कित्येक आठवडे केलेलं कुणालाच दिसलेलं नसतं त्याचा असतो. पहिल्याच दिवशी स्टेजिंगची, म्हणजे साइटच्या चाचणी प्रतीची, लिंक तयार करा, भले पानावर नुसतं शीर्षक असो, आणि दर शुक्रवारी क्लायंटला ती पाठवून या आठवड्यात काय बदललं ते तीन ओळींत कळवा. निरोप पाठवायचाय म्हटलं की गुरुवारी हात आपोआप चालतात.

दिवस संपवताना एक टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड, मुद्दाम नापास अवस्थेत लिहून ठेवा. सकाळी लॅपटॉप उघडल्यावर 'आज कुठून सुरू करू' यात तास जात नाही. लाल ओळ समोर असते, ती हिरवी करायची आणि पुढच्या कामाला लागायचं.