कोर्दोबा, दोन मुक्कामांत: सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी बेत

स्पेनला जाणारे बहुतेक जण कोर्दोबा उरकतात ते माद्रिद ते सेव्हिल प्रवासात मध्ये सहा तास उतरून. अकराला पोचायचं, पाचला निघायचं. म्हणजे नेमकी गर्दीची आणि उन्हाची वेळ पदरात पडते, आणि गावाची सकाळ-संध्याकाळ हातची जाते. दोन रात्री राहा. तेवढ्यात गाव नीट पाहून होतं, तिसऱ्या रात्रीची गरज पडत नाही.

वार आधी ठरवा, तारीख नंतर. सोमवारी जुनं सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनास्थळ), व्हियाना वाडा आणि गावाबाहेरचं मदीना असाहरा (जुन्या राजधानीचे अवशेष) बंद असतं. रविवारी मेस्कितात, म्हणजे जुन्या मशिदीचं चर्च झालेल्या गावच्या मुख्य इमारतीत, प्रार्थना असते, त्यामुळे सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत पर्यटकांना आत सोडत नाहीत. म्हणून मंगळवार ते शुक्रवार यांमध्ये बसवा.

ऋतूचं सांगायचं तर मार्चअखेर ते मे किंवा ऑक्टोबर. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घरांच्या अंगणांचा उत्सव असतो. भिंतीभर कुंड्या लावलेली खासगी अंगणं लोकांसाठी खुली करतात. सुंदर असतो, पण त्या दिवसांत खोल्या महाग होतात आणि लवकर भरतात. जुलै-ऑगस्ट टाळा. "आम्ही सोलापूरचे, बेचाळीस अंश काय नवीन" असं म्हणून जाणारे इथे फसतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये कोर्दोबाच्या विमानतळावर 46.9 अंशांची नोंद झाली होती. आकड्यापेक्षाही घड्याळ जास्त फसवतं. सोलापुरात सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या सुमारास. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या पुष्कळ पुढे लावलेलं आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे सूर्य डोक्यावर येतो दुपारी सव्वादोननंतर. आपल्याकडे चारला ऊन उतरू लागतं असा अंदाज बांधून कोणी बाहेर पडलं, तर तिथे तो पाच-सहाच्या कडाक्यात सापडतो. जुलैत सूर्य मावळतो साडेनऊ वाजून गेल्यावर. तेव्हा उन्हाळ्यात जावंच लागलं तर सकाळी साडेआठ ते बारा फिरा, दोन ते आठ खोलीत राहा, रात्री पुन्हा निघा. गावचे लोकही तेच करतात, बरीच दुकानं दुपारी बंदच असतात.

व्हिसा

स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. निर्णयाला साधारण तेवढे दिवस लागतात आणि कधी 45 पर्यंत जातात. अडीच-तीन महिने आधी कामाला लागा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, म्हणून मुंबईच्या व्हिसा केंद्रातली भेट सकाळची घ्या. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री बसलात की पहाटे मुंबईत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा. एक चूक वारंवार होते: सहलीत फ्रान्सचे मुक्काम जास्त आणि अर्ज मात्र स्पेनकडे. ज्या देशात सर्वात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज जातो.

सामानात शेंगाचटणी आणि कडक भाकरी बिनधास्त न्या. पेढे, खवा, तूप आणि मांसाचं काहीही नको. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, विमानतळावर ते काढून घेतात.

पोचणं

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून वेगवान गाडी पावणेदोन तासांच्या आसपास कोर्दोबाला सोडते. तीन कंपन्या एकाच मार्गावर धावतात: रेन्फे, इर्यो आणि उईगो. भाडं विमानासारखं वरखाली होतं, म्हणून तारखा पक्क्या झाल्या की लगेच तिकीट काढा. राहायची जागा मेस्किताच्या दहा मिनिटांच्या अंतरात घ्या, पण खोली घेताना टॅक्सी दारापर्यंत येते का हे विचारा. जुन्या गल्ल्या अरुंद, गोट्यांच्या फरशीच्या. चाकाची मोठी बॅग तिथे ओढताना हात भरून येतो.

मेस्किता

गावाचा जीव इथे आहे. आठव्या शतकाच्या शेवटी इथला मुस्लीम राजा पहिला अब्द अल-रहमान याने ही मशीद सुरू केली, पुढच्या दोनशे वर्षांत ती तीनदा वाढवली गेली, 1236 मध्ये गाव ख्रिस्ती राजाने जिंकल्यावर तिचं चर्च झालं, आणि सोळाव्या शतकात मधोमध उंच कॅथेड्रल उभारलं गेलं.

सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट असतो आणि गटांना सोडत नाहीत. ही वेळ पैशांसाठी नाही, शांततेसाठी घ्या. सव्वाआठला नारिंगांच्या अंगणात पोचा. मात्र नऊ-वीसच्या सुमारास बाहेर काढायला सुरुवात होते आणि नीट पाहायला दीड-दोन तास लागतात. बरोबर वयस्कर माणसं असतील तर सरळ दहाचं तिकीट काढा. घंटाघराचं तिकीट वेगळं, वेळ ठरवून मिळतं, आणि वर जायला फक्त जिना आहे.

विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्या माणसाला इथे पहिल्या क्षणी उलटंच काही दिसतं. तिथे एकही खांब नसलेली प्रचंड पोकळी, इथे 856 खांबांचं रान आणि छत त्या मानाने खाली. खांब एकसारखे नाहीत, कारण जुन्या भागातले पुष्कळसे रोमन आणि त्यांच्यानंतरच्या व्हिसिगॉथ राजवटीच्या इमारतींतून उचलून आणलेले आहेत. ते आखूड पडले म्हणून कमानीवर कमान चढवून उंची साधली. लाल-पांढरे पट्टे म्हणजे वीट आणि दगड आळीपाळीने. मेहराबपर्यंत (नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा) सरळ चालत जा, सोन्याचं मोझाइक डोळे भरून बघा, आणि परतताना अंगणाच्या दाराकडे पाठ करून उभं राहिल्यावर डावीकडे येणाऱ्या शेवटच्या वाढीव भागात वळा. तिथे कमानींचा लाल पट्टा वीट नाही, दगडावर दिलेला रंग आहे. हा फरक कळला की इमारत चार हप्त्यांत वाढली हे वेगळं सांगावं लागत नाही. पुरुषांनी आत टोपी काढायची. नमाजाला परवानगी नाही, रखवालदार थांबवतात. मन दुखावू नये म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

बाहेर पडल्यावर बायका रोजमेरीची काडी हातात देतात आणि मग पैसे मागतात. हात मागे घ्या, पुढे चला.

उरलेल्या दिवसात यहुदी मोहल्ल्यातलं 1315 चं छोटं सिनेगॉग, दुपारच्या आत बारा अंगणांचा व्हियाना वाडा, आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी रोमन पूल. पूल ओलांडून पलीकडच्या काठावरून गावाकडे बघा, उजेड मेस्किताच्या भिंतीवर पडतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मदीना असाहरा. तिसऱ्या अब्द अल-रहमानने 936 च्या सुमारास वसवलेली राजधानी, जेमतेम सत्तर-पंचाहत्तर वर्षांत उद्ध्वस्त झाली. आधी खालचं संग्रहालय पाहा, मग तिथून बसने वर जा. उलट क्रमाने गेलात तर नुसते दगड दिसतात. सावली नाही, पाणी आणि टोपी हवीच.

शाकाहारी असाल तर "सिन कार्ने" (मांस नको) एवढ्यावर थांबू नका. तिथे हॅमला (डुकराच्या खारवलेल्या मांसाला) कित्येक जण मांस धरत नाहीत, आणि सालमोरेखो या टोमॅटो-पावाच्या गार सूपवर हॅम आणि उकडलेलं अंडं भुरभुरतात. "सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन वेवो" असं सगळं म्हणा: हॅम नको, मासे नको, अंडं नको. मध घातलेली तळलेली वांगी, "बेरेन्खेनास कोन मिएल", बहुतेक ठिकाणी मिळतात. जेवण दीड ते चार आणि रात्री साडेआठनंतर. सात वाजता पोटात कावळे ओरडू लागले की भाकरी आणि चटणीचा डबा उघडा.

परतीच्या गाडीला अर्धा तास आधी स्थानकावर पोचा. फलाटावर जाण्यापूर्वी बॅगा तपासतात आणि गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी दार बंद होतं.