नवीन माणूस उपासनेला आला की त्याच रविवारी जेवायला न्या

चर्चच्या लहान मंडळीत नवीन चेहरा लगेच ओळखू येतो, पण उपासना संपली की सगळे आपापल्या ओळखीच्यांत रमतात आणि तो माणूस चप्पल घालून निघून जातो. म्हणून दर रविवारी एका घराची पाळी ठरवा. त्या घरानं चार ताटं जास्तीची धरायची आणि दाराशी थांबून नवख्याला विचारायचं, "आज आमच्याकडंच जेवायला चला की!" "कधीतरी या" म्हटलं तर कुणी येत नाही.

शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेली, वसतिगृहात राहणारी मुलं आधी हेरा. घरच्या जेवणाचं मोल त्यांना विचारा. खाण्याचं मात्र आधी विचारून घ्या. पांढरा रस्साही मटणाच्या पाण्याचाच असतो, त्यामुळं मटण न खाणाऱ्यासाठी अख्खा मसूर आणि भाकरी करा. यजमानावर भार नको, भात एकीनं आणावा, कोशिंबीर दुसरीनं. एकट्या राहणाऱ्या आजींनाही पाळीत घ्या. त्यांच्या घरी डबे घेऊन सगळ्यांनी जावं, पण चहा त्यांच्याच हातचा घ्यावा. जेवताना वर्गणीचा विषय काढू नका. पाहुण्याला त्याच्या गावाबद्दल विचारा, आणि बुधवारी एक फोन नक्की करा.