उणे 0.5 कुठून आलं?

हेवी-आयन फिजिक्समध्ये नव्याने पीएचडीला लागलेल्यांसाठी लिहितोय. माझे पहिले काही महिने एका गैरसमजात गेले, तुमचे तरी वाचावेत.

अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या रिक यंत्रात सोन्याची केंद्रकं एकमेकांवर आदळवली जात. दर टकरीत सापडलेल्या प्रोटॉनमधून प्रतिप्रोटॉन वजा करायचे आणि त्या आकड्याच्या चढउतारांचे क्युम्युलंट काढायचे (वितरणाचा आकार सांगणारे आकडे; दुसरा म्हणजे व्हेरियन्स). चौथा भागिले दुसरा हे गुणोत्तर साध्या हिशेबाने 1 यायला हवं. ते 1 वरून ढळलं की क्रिटिकल पॉइंटचा (साधं केंद्रकीय द्रव्य आणि क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा यांच्यातल्या सीमारेषेच्या टोकाचा) माग लागला, असं मी धरून चाललो होतो. गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "बॅरिऑनची अक्षय्यता धरलीस का?" बॅरिऑन म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांच्या जातीचे कण.

सोन्याच्या केंद्रकात 197 न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन), दोन्ही मिळून 394. टकरीत काहीही उलथापालथ होवो, बॅरिऑन वजा प्रतिबॅरिऑन 394च राहणार. सगळं टिपणारा डिटेक्टर असता तर चढउतार शून्य! आपल्याला एक तुकडाच दिसतो (न्यूट्रॉन तर निसटूनच जातात), म्हणून आकडा हलतो. पण तुकड्यात एक वाढला की बाहेर एक घटतो.

मग मॅडमनी पायथनमध्ये 394 नाणी उडवायला लावली. छापा आला तर कण डिटेक्टरमध्ये. प्रतिकण नाहीत, क्रिटिकल पॉइंट नाही, काहीच नाही. दिसणारा हिस्सा, म्हणजे छापा पडण्याची शक्यता, अल्फा धरला, तर ते गुणोत्तर 1 − 6 × अल्फा × (1 − अल्फा). अर्धा हिस्सा दिसत असेल तर उत्तर थेट उणे 0.5. दहावा हिस्सा दिसला तरी 0.46.

गंमत म्हणजे हे उत्तर मला पहिल्यांदा मिळालंच नाही. 394 नाण्यांची एक फेरी म्हणजे एक टक्कर, अशा एक लाख टकरी चालवल्या, तर दरवेळी वेगळाच आकडा. कधी 1, कधी उणे 2. रात्रभर कोडमध्ये चूक शोधली. चूक नव्हतीच! चौथ्या क्युम्युलंटला आकडेवारीची भूक फार, लाख टकरींत सांख्यिकी त्रुटी दीडच्या घरात जाते. एक कोटी केल्या तेव्हा ती 0.15 वर आली.

सर्नच्या एलएचसी यंत्रावर बॅरिऑन आणि प्रतिबॅरिऑन जवळपास सारखेच असतात. तिथे आदर्श वायूसाठी 6 च्या जागी 3 येतो, आणि अर्ध्या हिश्श्याला 0.25.

माझ्या आलेखावर आता 1 ची सरळ रेघ नाही. तिच्या जागी अल्फानुसार वाकणारी रेघ आहे, आणि माझे बरेचसे बिंदू तिच्यावरच बसलेत.